राहू द्या हो, कशाला उगाच

लग्नपत्रिकेच्या तळाशी हल्ली एक ओळ हमखास असते. कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आमचा आहेर. या ओळीमागे चांगली कारणं आहेत. पाकिटात पाचशे एक घालणं ज्याला जड जातं, त्या नातेवाइकाची सुटका होते. घरात भिंतीवरची घड्याळं आणि लेमन सेट साठत नाहीत. पण पत्रिका छापणाऱ्या यजमानाला जरा बोलतं केलं, की आणखी एक कारण हळूच बाहेर येतं. “नंतर प्रत्येकाचं लक्षात ठेवत बसावं लागतं हो.” आहेराला कुणाची फारशी हरकत नसते. नकोशी झालेली असते ती आहेराची वही.

ती वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती विसरता येत नाही. मांडवाच्या दाराशी टेबल मांडून हिशोबाला पक्का असा एखादा मामा बसायचा. नाव, गाव, रक्कम. रोख नसेल तर ‘पितळी डबा 1’ किंवा ‘साडी, फॉल न लावलेली’. लग्न आटोपलं की वही कपाटात जायची आणि पुढं कुठूनही पत्रिका आली की आधी ती उघडली जायची. त्यांनी आपल्याकडं एकावन्न दिले होते, आता एकशे एक तरी घालायला हवेत. या प्रकाराची टिंगल करण्याचं कारण नाही. ज्या गावात बँक नव्हती तिथं एका घरच्या लग्नाचा भार चार घरांनी उचलायचा, हाच त्यातला शहाणपणा होता. घोटाळा झाला तो पुढं. कपाटातली वही गेली, पण ती आपल्या मनात येऊन बसली. आता तिच्यात पितळी डब्यांच्या शेजारी माणसांची मायाही नोंदली जाते आणि परत करायची बाकी म्हणून टोचत राहते.

माझं म्हणणं असं आहे, की आपल्यातल्या बऱ्याच चांगल्या, कर्तबगार, दुसऱ्यासाठी धावून जाणाऱ्या माणसांना प्रेम घेता येत नाही. आणि या असमर्थतेला आपण आजवर साधेपणा, भिडस्तपणा, स्वाभिमान अशी चांगली चांगली नावं देत आलो आहोत.

द्यायला मात्र आपल्याला नीट शिकवलं गेलं. साने गुरुजींची ती प्रार्थना मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकानं हात जोडून म्हटली आहे. जगाला प्रेम द्यावं हाच खरा धर्म, हे त्या वयात अंगात भिनलं आणि ते चांगलंच झालं. पण जगानं प्रेम दिलं तर काय करावं, याची प्रार्थना कुठल्याच शाळेत नव्हती. विंदा करंदीकरांच्या त्या सर्वतोमुखी कवितेत घेणाऱ्याला सन्मानाची जागा आहे खरी, पण तीही त्यानं अखेर देणारा व्हावं या बोलीवर. तिथंही घेणं म्हणजे देण्याची उमेदवारीच. नुसतं घेऊन बसणं, त्यातून पुढं काहीही न करणं, याला आपल्याकडं मान नाही.

माझ्या ओळखीत एक काकू आहेत. इमारतीत कुणाकडं बाळंतीण असो, कुणाचं हाड मोडलेलं असो, काकूंचा डबा पोचलेला असायचा. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा घरी काका आणि त्या दोघंच होते, मुलगा अमेरिकेत. समोरच्या बिऱ्हाडातली नोकरीवाली मुलगी दुपारी मुगाची खिचडी घेऊन आली. वर तूप, कडेला लिंबाची फोड आणि पापड वेगळा कागदात, मऊ पडू नये म्हणून. काकूंनी “राहू द्यायचं गं, कशाला उगाच त्रास घेतलास” इथून सुरुवात केली. मुलगी गेल्यावर त्या वॉकर धरून स्वयंपाकघरात गेल्या, एका हातानं ओटा धरून दुसऱ्या हातानं स्टीलचा डबा घासला, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात शेंगदाण्याचे चार लाडू घालून संध्याकाळच्या आत काकांच्या हाती परत पाठवला. डॉक्टरांनी ओट्याशी उभं राहायला बंदी केली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्या खेपेला ती मुलगी आमटी घेऊन आली ती श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात. “हा परत द्यायचा नाही, काकू. धुऊन ठेवा नाहीतर टाका.” काकू अस्वस्थ झाल्या. मला त्यांनी फोनवर सांगितलं ते असं, “बघ ना, आता हिचं काय करू?”

आमटीचं काय करायचं हे त्यांना कळत होतं, हिचं काय करायचं ते कळत नव्हतं. त्या मुलीला काहीच नको होतं. तिला फक्त एकदा काकूंच्या जागी उभं राहायचं होतं. इमारतीतल्या कितीतरी जणांना डबे पोचवून इतकी वर्षं काकूंनी जे सुख स्वतः घेतलं, कुणाच्या तरी उपयोगी पडल्याचं, ते सुख त्या दुसऱ्या कुणाला मिळू देत नव्हत्या. सतत देणारा माणूस उदार असतो हे अर्धंच खरं आहे. देण्याची जागा तो कधीच सोडत नाही, हेही तितकंच खरं.

आणि ही जागा वरची असते. आपल्याकडं देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे केवळ शरीराचं वर्णन नाही, ती समाजाची रचना आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात प्रतिग्रहाबद्दल, म्हणजे दान स्वीकारण्याबद्दल, इशारा आहे. त्याचा अधिकार असलेल्या ब्राह्मणानंही त्यात रमू नये, कारण त्यानं ब्राह्मतेज विझतं. म्हणजे दान घेणं हे ज्यांचं काम, त्यांनाही त्याचं भय. उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला तर भयाचा प्रश्नच नव्हता, सक्तीच होती. ग्रहण सुटताना ‘दे दान सुटे गिराण’ अशी हाळी देत मांग समाजातली माणसं गावातून फिरत आणि लोक धान्य, जुने कपडे घालत. धान्याबरोबर ग्रहणाची पीडाही त्यांच्या झोळीत गेली असं देणाऱ्याला वाटे. शिवाय कुणी कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, शिजवलेलं अन्न कुणाकडून चालतं आणि कुणाकडून फक्त कोरडा शिधा, याच्या बारीक नियमांवर जात उभी राहिली. घेतलं की उतरलो, असं शेकडो वर्षं ज्या समाजाला वाटत आलं, त्या समाजातला माणूस शेजारणीची खिचडी घेताना अवघडला तर नवल नाही. तो बिचारा ‘मिंधेपणा नको’ एवढंच म्हणतो. त्याच्या तोंडून त्याची आजी, पणजी, सगळी उतरंड बोलत असते.

घरात हे शिक्षण आणखी सोप्या रीतीनं होतं. आई शेवटी जेवायला बसते, तुटकी पोळी स्वतःकडं घेते, साडी आणली तर “मला कशाला, आहेत की ढीगभर” म्हणते. मुलं हे रोज बघतात. प्रेम करणारं माणूस स्वतः काही घेत नाही, असा धडा त्यांना कुणी न शिकवता मिळतो. मग मुलगी मोठी होते आणि नवऱ्यानं चहा करून आणला तर कप हातात घेण्याआधी ओट्यावर दूध सांडलंय का ते बघायला उठते.

पुरुषांचं वेगळं आहे, आणि ते जास्त फसवं आहे. घेण्यात त्यांना काही अडचण असेल असं वरकरणी वाटत नाही. गरम पोळी ताटात येते, इस्त्रीचे कपडे खुंटीला येतात, तापाची गोळी पाण्यासह पुढं येते. हे सगळं ते घेतात, पण हक्काचं म्हणून. आणि हक्काचं म्हणून घेतलेलं प्रेम घेतल्यासारखं होतच नाही. पगार जमा झाल्यावर कुणी सद्गदित होत नाही. ज्या घरात चाळीस वर्षं बिनबोभाट सेवा चालली, तिथला निवृत्त गृहस्थ एखाद्या संध्याकाळी “आमच्यासाठी कुणी काय केलं?” असं म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्यापर्यंत ते खरोखरच पोचलेलं नसतं. सेवा गिळून माया उपाशी ठेवण्याची ही कला आपल्या घरांनी पिढ्यान् पिढ्या जोपासली आहे. स्त्री नाकारून घेत नाही, पुरुष गृहीत धरून घेत नाही, आणि दोघंही म्हातारपणी एकमेकांकडं थोड्या तक्रारीनं बघत बसतात.

काहींची गोष्ट यापेक्षा खोल असते. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षभराच्या मुलांचं एक निरीक्षण बसवलं, ते पुढं जगभर वापरलं गेलं. अनोळखी खोलीत आई मुलाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते. मूल तिच्या परतण्यावर काय करतं ते बघायचं. बहुतेक मुलं रडतात, कडेवर जातात, शांत होतात. काही मुलं मात्र आईकडं बघतच नाहीत, खेळणं उचलून पाठ फिरवतात. बघणाऱ्याला वाटावं, काय गुणी, स्वतंत्र मूल आहे. 1977 मध्ये ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स या दोघांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजलेलं काम प्रसिद्ध केलं. खेळण्यात दंग दिसणाऱ्या त्या मुलांचे ठोके चढलेलेच होते. हवं होतं, पण मागायचं नाही हे ते मूल आधीच शिकलं होतं, कारण मागून मिळत नाही किंवा मागितलं की झिडकारलं जातं, हा त्याचा अनुभव होता.

‘मला कुणाची गरज लागत नाही’ असं अभिमानानं सांगणाऱ्या प्रौढ माणसाला मी या मुलाशेजारी उभं करून बघतो. सगळ्यांच्या बाबतीत ते लागू पडेल असा दावा नाही, बालपण म्हणजे कुंडली नव्हे. पण अशा माणसाला “जरा मन मोकळं कर, प्रेम घ्यायला शिक” असा उपदेश करणं निर्दयपणाचं आहे. त्याची पाठ फिरवण्याची सवय एके काळी त्याच्या उपयोगाला आली होती. ती जाईल तर सावकाश, पुन्हा पुन्हा येऊन काही न मागणाऱ्या माणसांमुळे जाईल. श्रीखंडाच्या डब्यातून येणाऱ्या आमटीसारखं काहीतरी तिथं कामाला येतं, व्याख्यान नाही.

आता परतफेडीकडं येऊ, कारण खरी मेख तिथं आहे. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं 1925 मध्ये भेटवस्तूंवर एक निबंध लिहिला. पॅसिफिकमधली बेटं, उत्तर अमेरिकेचा वायव्य किनारा, जुने रोमन आणि हिंदू कायदे असं बरंच चाळून त्यानं दाखवलं, की भेटीच्या व्यवहारात तीन बंधनं असतात. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत द्यावं लागतं. आपण पहिलं आणि तिसरं घट्ट धरलं आणि मधलं उडी मारून ओलांडलं. पुढं पिअर बोर्द्यू यानं अल्जीरियातल्या कबाईल लोकांमध्ये राहून एक महत्त्वाची गोष्ट टिपली. दिलेल्या भेटीची लगेच फेड करणं हे तिथं ती नाकारण्यासारखंच धरलं जातं. मध्ये काळ जावा लागतो. त्या मधल्या काळात एक माणूस दुसऱ्याचा ऋणी असतो, दोघांनाही ते ठाऊक असतं, आणि त्या काळालाच संबंध म्हणतात.

संध्याकाळच्या आत शेंगदाण्याचे लाडू घालून परत गेलेल्या डब्याचा अर्थ मला हे वाचल्यावर लागला. काकूंनी खिचडी खाल्ली, पण स्वीकारली नाही. खातं उघडलं आणि त्याच दिवशी बंद केलं. वाढदिवसाच्या शुभेच्छेला उत्तर म्हणून ताबडतोब तीन ओळींचं कौतुक पाठवणारे, “साडी छान आहे” म्हटल्याबरोबर “सेलमधली आहे” म्हणणारे आणि एकदा कॉफी पाजली तर पुढच्या खेपेला हॉटेलात वेटरशी झटापट करून बिल भरणारे आपण सगळे याच घाईत असतो. घेतलेलं काही दिवस अंगावर राहू द्यायचं, त्याचं ओझं वाटलं तर वाटू द्यायचं, हे आपल्याला जमत नाही. प्रेम घेणं म्हणजे माझ्या लेखी मुख्यतः एवढंच आहे. ऋण उघडं ठेवून झोप लागणं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळंच प्रेम घेण्याजोगं असतं का? नसतं. पुष्कळ प्रेम हप्त्यांची वसुली घेऊन येतं. “तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं” हे वाक्य ज्यानं ऐन लग्न ठरवताना ऐकलं आहे, त्याला घेण्याची धास्ती का वाटते हे समजावून सांगावं लागत नाही. बाबा आमटे आयुष्यभर सांगत राहिले, की दान माणसाला मोडतं आणि काम उभं करतं. आनंदवनातल्या कुष्ठरुग्णांच्या हाती त्यांनी भिक्षेऐवजी कुदळ दिली, ती यासाठीच. पण त्यांनी नाकारली ती दया. माणसानं माणसाला हात देणं त्यांनी नाकारलं असतं तर आनंदवन झालंच नसतं.

हा फरक महाभारतात कर्णाच्या तोंडून जितका स्वच्छ आला आहे तितका मला दुसरीकडं कुठं सापडलेला नाही. आपला मराठी कर्ण बहुतांशी कादंबऱ्यांनी घडवला. तो उपेक्षित, जळता, सगळ्या जगानं नाकारलेला. उद्योगपर्वातला कर्ण जरा निराळा आहे. शिष्टाई फसल्यावर कृष्ण त्याला रथात घेतो आणि सांगतो, तू कुंतीचा थोरला, चल, राज्य तुझं. कर्ण उत्तरात आधी राधेचं नाव घेतो. मला बघून तिला पान्हा फुटला, तिनं माझं मलमूत्र काढलं, तिचं पिंडदान मी कसं तोडू? अधिरथानं मला नाव दिलं, माझी लग्नं लावली. सगळी पृथ्वी आणि सोन्याच्या राशी दिल्यात तरी हे नातं मी खोटं करणार नाही. त्याच भाषणात दुर्योधनही येतो, पण कसा? त्याच्या आश्रयानं 13 वर्षं राज्य भोगलं, माझ्या भरवशावर त्यानं युद्ध मांडलं, आता मागं फिरता येणार नाही.

एकाच माणसानं घेतलेल्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. राधेच्या प्रेमाबद्दल बोलताना तो लहान मूल होतो, आपलं मलमूत्र कुणी काढलं हे सांगताना या महारथीला लाज वाटत नाही. दुर्योधनाबद्दल बोलताना तो हिशोबनीस होतो, वर्षं मोजतो. पहिलं त्याला आतून धरून ठेवतं, दुसरं बांधून ठेवतं. आणि पुढं गंगेच्या काठी खुद्द कुंती येते तेव्हा तो तिचं आईपण स्वीकारत नाही. मला वाटतं त्याचं बरोबर होतं. ती आली तीच मुळी पाच मुलांचे प्राण मागायला. जे प्रेम पहिल्याच भेटीत वसुलीला येतं त्याला नाही म्हणण्याचा हक्क माणसाला असलाच पाहिजे. नाहीतर घेण्यालाही काही अर्थ उरत नाही. मात्र कर्णाला दानशूर म्हणून डोक्यावर घेणाऱ्या आपल्याला त्याचं हे घेणं कधी दिसलं नाही. कवचकुंडलं कापून देणारा कर्ण प्रत्येक पोराला माहीत असतो, राधेचा पान्हा आठवणारा नाही.

संतकथांनी हा विषय आणखी धीटपणे हाताळला आहे. एकनाथांच्या पैठणच्या वाड्यात श्रीखंड्या होऊन देवानं 12 वर्षं गोदावरीचं पाणी भरलं, पण नाथांना ते कळलं तो गेल्यावर. कळलं असतं तर त्यांनी ते भरू दिलं असतं का, याची मला शंका आहे. मोठ्या माणसांना कळून सेवा घेववत नाही. जनाबाईचं तसं नव्हतं. गंगाखेडहून आलेली, नामदेवांच्या घरची दासी, जिच्या हाताखाली कुणी नाही. तिच्यासोबत विठ्ठल दळतो, शेण्या वेचतो, तिचे केस विंचरतो, आणि जनी ते घेते. संकोचाचा मागमूस नाही, फेडीची भाषा नाही. उलट रागावली तर ती त्याला खडसावते. ज्याचे उपकार डोक्यावर घेतलेले असतात त्याला कुणी खडसावू शकत नाही. ते फक्त आपल्या माणसाला करता येतं.

ही कथा बायकांनी शतकानुशतकं जात्यावर बसून जपली. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतही ही जनी पुन्हा पुन्हा भेटते. पहाटे एकटीनं खुंटा ओढणाऱ्या बाईनं सोबतीला देव कल्पिला, यात नवल नाही. नवल याचं, की तिनं तो निमूटपणे दळू लागणारा कल्पिला आणि जनीला ते दळण सहज घेऊ दिलं. ज्यांना कुणी काही दिलं नाही त्यांना घेणं कसं असावं याची इतकी अचूक कल्पना होती.

शेवटी एक भीती उरते, ती बोलून दाखवायला हवी. असं घ्यायला शिकवलं तर माणसं फुकटी होतील, ऐतखाऊ होतील. होणार नाहीत. ऐतखाऊ माणसाला कुणी शिकवावं लागत नाही आणि तो असले लेखही वाचत नाही. हा प्रश्न आहे तो अमेरिकेतल्या मुलानं पाठवलेलं रक्तदाबाचं यंत्र खोक्यासकट माळ्यावर टाकून “कशाला एवढा खर्च केलास” म्हणणाऱ्या आईवडिलांचा. त्या मुलाला तिथून दुसरं काही करता येत नाही म्हणून त्यानं यंत्र पाठवलेलं असतं, बहुधा नको त्या कंपनीचं आणि गरजेपेक्षा महाग. दुसऱ्याचं प्रेम आपल्याला हवं त्या आकारात क्वचितच येतं. चहा फिका असतो, खिचडीत मीठ कमी असतं, यंत्राची सूचनापुस्तिका इंग्रजीत असते. तरी खोकं खाली काढावं, पट्टा दंडाला बांधावा आणि जो आकडा येईल तो मुलाला कळवावा. जास्त आला असेल तर तसंही सांगावं. ‘इकडं सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस’ हे वाक्य त्या दिवशी न बोलता राहिलं तर उत्तमच.